अंकीय छायाचित्रांचे जतन : साधने आणि दक्षता

ग्रामसभा भरते, शाळेच्या नव्या खोलीची कोनशिला बसविली जाते, पाझर तलाव प्रथमच काठोकाठ भरतो, घरकुलाचा स्लॅब टाकला जातो. या प्रत्येक प्रसंगाचे छायाचित्र आज कोणाच्या ना कोणाच्या भ्रमणध्वनीत टिपले जाते. पूर्वी कार्यालयाच्या वाट्याला वर्षाकाठी दहा-वीस छायाचित्रे येत; ती पुठ्ठ्यावर चिकटविली जात आणि पन्नास वर्षांनंतरही पाहावयास मिळत. आता वर्षाला हजारो छायाचित्रे निघतात. परंतु दहा वर्षांपूर्वीचे एखादे मागितले, तर ते हाती लागेलच अशी खात्री देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावाच्या विकासकार्यावरील पुस्तिकेसाठी प्रस्तुत लेखकाने जुनी छायाचित्रे मागविली. बारा वर्षांतील सर्व छायाचित्रे एकाच हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क सुरू असताना टेबलावरून खाली पडली होती. गावातील वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाच्या सत्काराचे एकमेव छायाचित्र तिच्यात होते. ते गृहस्थ तोवर निवर्तले होते. इमारत पुन्हा छायाचित्रित करता येते, तो सत्कार पुन्हा घडविता येत नव्हता. अशी वेळ इतरांवर येऊ नये, या हेतूने हे विवेचन केले आहे.

साठवण कशी होते

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. आजच्या भ्रमणध्वनीतील एका छायाचित्राला जवळपास तेवढीच जागा लागते. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला अंकीय कॅमेरा तयार केला. तो एक छायाचित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास तेवीस सेकंद घेई. साधने बदलली, तत्त्व मात्र तेच राहिले. छायाचित्राचे अंकांत रूपांतर होते आणि ते अंक कोठेतरी नोंदविले जातात. ती नोंद पुसली गेली की छायाचित्र संपले.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. नोंद वाचणारे शीर्ष चकतीपासून केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. त्यामुळे फिरत्या डिस्कला बसलेला धक्का घातक ठरतो. एसएसडी या नव्या साधनात फिरणारा भाग नसतो. सूक्ष्म पेशींत विद्युतभार साठवून नोंद केली जाते. ती धक्का सहज सोसते व वेगाने चालते. परंतु वर्षानुवर्षे वीजप्रवाहाविना, विशेषतः उष्ण जागी पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो.

कोणते साधन निवडावे

प्रथम किती जागा लागेल, याचा हिशेब करावा. भ्रमणध्वनीतील एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरले आणि वर्षाला ३,००० छायाचित्रे निघतात असे मानले, तर वर्षाला १२ जीबी, म्हणजे दहा वर्षांत १२० जीबी जागा लागते. चलच्चित्रे काही पट अधिक जागा घेतात. तरीही सामान्य ग्रामपंचायतीला किंवा शाळेला एक टीबीची डिस्क दीर्घकाळ पुरेशी ठरते. अशी डिस्क संगणकाला जोडल्यावर सुमारे ९३१ जीबी इतकीच दिसते. तो दोष नसून मोजणीच्या दोन पद्धतींतील फरक आहे.

दैनंदिन कामासाठी व प्रवासात नेण्यासाठी एसएसडी सोयीची. कपाटात जपून ठेवावयाच्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क योग्य. तेवढ्याच जागेसाठी ती स्वस्तही पडते. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड ही ने-आण करण्याची साधने होत. ती आकाराने लहान म्हणून हरवतात आणि पूर्वसूचना न देता निकामी होतात. त्यांच्यावर कायमचा संग्रह ठेवू नये.

काहीशे रुपयांत अनेक टीबी देऊ करणाऱ्या डिस्कपासून विशेष सावध राहावे. अशा बनावट साधनांत प्रत्यक्ष जागा फार थोडी असते. ती भरल्यावर नवी छायाचित्रे नोंदविल्यासारखी दिसतात, पण उघडत नाहीत. म्हणून खरेदी माहितीच्या विक्रेत्याकडून, पावती व हमीपत्रासह करावी.

तीन प्रतींचा नियम

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आज सर्वत्र मान्य झाला आहे. प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक निराळ्या ठिकाणी असावी.

तिसऱ्या अटीचे महत्त्व महाराष्ट्राने अनुभवले आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या धारिका भस्मसात झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड येथे पुराचे पाणी घराघरांत व कार्यालयांत शिरले. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन प्रती अशा प्रसंगी एकदमच नष्ट होतात. नदीकाठच्या गावाने तिसरी प्रत शेजारच्या आळीत न ठेवता तालुक्याच्या ठिकाणी किंवा उंचावरील शाळेत ठेवावी.

संगणकातील एक प्रत, कपाटातील हार्ड डिस्कवर दुसरी आणि इंटरनेटद्वारे दूरच्या साठवण केंद्रात, म्हणजे क्लाउडवर, तिसरी, अशी व्यवस्था अनेकांना सोयीची वाटेल. गूगलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि १ जून २०२१ पासून छायाचित्रेही त्याच मर्यादेत मोजली जातात. वर उल्लेखिलेल्या हिशेबाने ही जागा सव्वा वर्षातच संपते. शासकीय कार्यालयांनी मात्र खाजगी खात्यांऐवजी शासनमान्य सेवेचाच अवलंब करणे इष्ट.

काही गैरसमज

भ्रमणध्वनी व क्लाउड यांचा मेळ आपोआप बसत असेल, तर तेवढ्याने जतन झाले असे समजू नये. अशा जोडणीत एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र दुसऱ्या ठिकाणाहूनही नाहीसे होऊ शकते. तसेच दोन डिस्क एकत्र जोडून एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणारी यंत्रणा एक डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते. चुकीने पुसलेले किंवा विषाणूने बिघडविलेले छायाचित्र ती वाचवू शकत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांमधील दप्तर कुलूपबंद केले. म्हणून जतनाची डिस्क काम संपताच संगणकापासून रीतसर विलग करून ठेवावी.

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेले छायाचित्र मूळ प्रत नव्हे. पाठविताना त्याचा आकार घटतो आणि दिनांक व स्थळ यांची अंतर्गत नोंदही गळून पडते. मूळ छायाचित्र केबलने संगणकात घ्यावे किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे.

जबाबदारी कोणाची

साधने विकत घेणे सोपे आहे. त्यांची निगा हा खरा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी छायाचित्रे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीत असतात आणि बदली झाली की ती त्याच्याबरोबर जातात. यासाठी पुढील व्यवस्था सुचविता येईल. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस छायाचित्रे कार्यालयाच्या संगणकात घ्यावीत. वर्ष, महिना, दिवस व प्रसंग या क्रमाने संचिकेस नाव द्यावे आणि छायाचित्रातील व्यक्तींची नावे त्याच वेळी लिहून ठेवावीत. वीस वर्षांनी ती सांगणारे कोणी उरत नाही. डिस्कची नोंद जडसंग्रह नोंदवहीत घ्यावी. कार्यभार सोपविताना डिस्क व खात्याचा परवलीचा शब्द यांचाही समावेश करावा. विद्यार्थ्यांची व लाभार्थ्यांची छायाचित्रे असलेली डिस्क परवलीच्या शब्दाने सुरक्षित ठेवावी.

वर्षातून किमान एकदा, जडसंग्रहाच्या पडताळणीच्या वेळी, प्रत्येक डिस्क जोडून काही छायाचित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास ती तत्काळ बंद करावी व जाणकाराकडे द्यावी. बिघाडाची वाट न पाहता साधारण पाच वर्षांनी संग्रह नव्या डिस्कवर उतरवून घ्यावा.

या सर्वांस लागणारा खर्च दोन डिस्कांचा आणि वेळ महिन्यातील एका दुपारचा. आपल्या गावाने काय उभारले व ते कोणी उभारले, हे पुढील पिढीला डोळ्यांनी पाहता यावे, एवढ्यासाठी तो निश्चितच अधिक नाही. आपल्या कार्यालयातील छायाचित्रांची दुसरी प्रत कोठे आहे, याची चौकशी प्रत्येकाने या महिन्यातच करावी.