डेटाबेसची निवड : क्षमता, परवाना आणि सार्वजनिक पैसा

शासकीय कारभाराच्या संगणकीकरणाची चर्चा होते तेव्हा संगणकांची संख्या, इंटरनेटची जोडणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. नोंदी ज्या प्रणालीत साठवल्या जाणार असतात, त्या डेटाबेसची निवड मात्र निविदेच्या परिशिष्टातील एक-दोन ओळींत उरकली जाते. वास्तविक संगणक पाच-सात वर्षांत बदलले जातात; जमिनीचे उतारे, रुग्णांचे कागद, ग्रंथालयाची दाखलनोंद यांना त्याहून कितीतरी अधिक आयुष्य असते. एकदा केलेली निवड पुढील दहा-पंधरा वर्षांच्या खर्चावर आणि स्वातंत्र्यावर परिणाम करते. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

माहितीची मांडणी परस्परांशी संबंध असलेल्या तक्त्यांच्या रूपात करावी, ही कल्पना आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आजच्या रिलेशनल डेटाबेसचा पाया तोच. ग्रंथालयाचे उदाहरण घेतल्यास ग्रंथांचा एक तक्ता, सभासदांचा दुसरा आणि देवघेवीचा तिसरा. एखादा ग्रंथ दिला गेला की ग्रंथ बाहेर गेल्याची नोंद आणि सभासदाच्या खात्यावरील नोंद या दोन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. मधेच वीज गेली तरी अर्धवट नोंद राहता कामा नये. या हमीला व्यवहाराची अखंडता म्हणतात.

ही हमी केवळ महागड्या प्रणालीच देतात, असा समज अनेक कार्यालयांत आढळतो. तो चुकीचा आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेली एसक्यूलाइट ही अत्यंत हलकी प्रणालीही अशी हमी देते. तिच्यासाठी स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो आणि तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ती असते. वापरणाऱ्याला तिचे नावही ठाऊक नसते, आणि एखाद्या सार्वजनिक सुविधेबद्दल याहून चांगली प्रशस्ती क्वचितच देता येईल.

मग फरक कोठे आहे? तो मुख्यतः एकाच वेळी किती जण लिहिणार यात आहे. एसक्यूलाइटमध्ये एका क्षणी एकालाच लिहिता येते; इतरांना थांबावे लागते. हे थांबणे बहुधा सेकंदाच्या अगदी लहान अंशाचे असते, त्यामुळे एकाच खिडकीवरून देवघेव करणाऱ्या ग्रंथालयाला ते जाणवणारही नाही. परंतु शेकडो केंद्रांवरून एकाच वेळी नोंदी येऊ लागल्या की रांग लागते. शिवाय ही फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून अनेक संगणकांवरून उघडणे धोक्याचे असते, कारण तेथे फाइलला लागणारे कुलूप भरवशाचे नसते. ओरॅकल, डीबी२ किंवा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांसारख्या एंटरप्राइज वर्गातील प्रणाली या गर्दीसाठीच घडवलेल्या आहेत. कोणाला कोणता तक्ता दिसावा याचे बारकाईने नियंत्रण आणि एक यंत्र बंद पडल्यास दुसऱ्याने काम उचलणे, या सोयीही त्यांच्यात असतात. या दोन टोकांच्या मध्ये मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त स्रोत प्रणाली येतात. मधल्या म्हटल्या, तरी त्यांची झेप पूर्वी समजली जात होती त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

ई-ग्रंथालयाचा अनुभव

या निवडीचे बोलके उदाहरण नवी दिल्लीतच मिळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, शासकीय ग्रंथालयांसाठी ‘ई-ग्रंथालय’ ही संगणकप्रणाली विकसित केली. तिची ३.० ही आवृत्ती विंडोजवर आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालत असे. एसक्यूएल सर्व्हर २००५ ची ‘एक्स्प्रेस’ ही आवृत्ती विनामूल्य मिळत होती. तिच्यावर मर्यादा होत्या : डेटाबेस ४ गिगाबाइटपेक्षा मोठा नको, प्रोसेसर एकच आणि स्मृती १ गिगाबाइटपर्यंतच. २०१० मधील आवृत्तीत डेटाबेसची मर्यादा १० गिगाबाइट करण्यात आली.

या मर्यादा ऐकून ग्रंथपाल बिचकतो; पण साधा हिशेब करून पाहावा. एका ग्रंथाची नोंद ४ किलोबाइटची धरली, तर ५०,००० ग्रंथांना सुमारे २०० मेगाबाइट लागतात. सूची, सभासद आणि अनेक वर्षांची देवघेव मिळवली तरी ४ गिगाबाइटची मर्यादा दूरच राहते. म्हणजे एकट्या ग्रंथालयासाठी क्षमतेचा प्रश्न फारसा नव्हताच.

अडचण निराळी होती. अशा रचनेत प्रत्येक ग्रंथालय आपापल्या इमारतीत आपापला डेटाबेस सांभाळते. त्याची दुसरी प्रत कोण काढणार, ती दुसऱ्या खोलीत तरी ठेवली जाते का, सुरक्षेच्या सुधारणा कोण बसवणार, या प्रश्नांना लहान ग्रंथालयात उत्तर नसते. एसक्यूएल सर्व्हर २००५ साठी निर्मात्या कंपनीचे साहाय्य १२ एप्रिल २०१६ रोजी संपले. त्यानंतर तो चालत राहिला तरी नव्या धोक्यांपासून त्याचे संरक्षण कोणी करणार नव्हते. ई-ग्रंथालयाच्या ४.० या आवृत्तीत चित्र बदलले. ती पोस्टग्रेएसक्यूएलवर आधारलेली असून ग्रंथालयांच्या समूहाचा एकच मध्यवर्ती डेटाबेस एनआयसीच्या क्लाउडवर राहतो. ग्रंथपालाच्या डोक्यावरून देखभालीचा भार उतरला, आणि एका ग्रंथालयात नसलेला ग्रंथ समूहातील दुसऱ्या ठिकाणी शोधणे शक्य झाले.

या बदलाची किंमतही आहे. पूर्वी इंटरनेट बंद असले तरी देवघेव चालू राहत असे. आता जोडणी तुटली की खिडकीवरचे काम अडते. ल्युटेन्स दिल्लीतील मंत्रालयाच्या ग्रंथालयाला ही किंमत जाणवणार नाही. भारनियमन असलेल्या गावातील शाळेला ती जाणवेल. एकच प्रणाली दोघांसाठीही योग्य ठरवणारा निर्णय कागदावर नीटनेटका दिसतो, इतकेच.

परवान्याचे अर्थशास्त्र

एंटरप्राइज प्रणालीची किंमत सामान्यतः सर्व्हरच्या प्रोसेसरमधील ‘कोअर’च्या संख्येवर किंवा वापरकर्त्यांच्या संख्येवर आकारली जाते. अधिक सामर्थ्यवान सर्व्हर घेतला की डेटाबेसचा परवानाही महागतो. त्यावर वार्षिक साहाय्यशुल्क असते. ओरॅकलच्या बाबतीत ते परवान्याच्या निव्वळ किमतीच्या सुमारे २२ टक्के असते. म्हणजे पाच वर्षांत केवळ साहाय्यापोटी मूळ परवान्याच्या ११० टक्के रक्कम जाते. निविदेत मात्र तुलना बहुधा पहिल्या खरेदीच्या आकड्याची होते.

विनामूल्य प्रणालीलाही खर्च असतो, हे विसरून चालणार नाही. परवान्याचे पैसे वाचले तरी ती सांभाळणारा जाणकार लागतोच, आणि नोएडा-गुरुग्रामच्या खासगी कंपन्या देतात त्या वेतनाशी शासकीय कार्यालयाला स्पर्धा करावी लागते. ज्या विभागाकडे असा माणूस नाही आणि कंत्राटानेही मिळवायचा नाही, त्याने केवळ ‘फुकट’ म्हणून मोठी मुक्त स्रोत प्रणाली बसवणे ही बचत ठरत नाही.

सर्वांत मोठा आणि कोणत्याच तक्त्यात न दिसणारा खर्च बाहेर पडण्याचा. एसक्यूएल ही भाषा १९८६ पासून प्रमाणित आहे, त्यामुळे साधे तक्ते एका प्रणालीतून दुसरीत नेणे फार कठीण नसते. पण प्रत्येक कंपनीने त्या भाषेला आपली खास जोड दिली आहे. व्याजाची आकारणी, निवृत्तिवेतनाचे सूत्र, दाखल्याचा क्रमांक ठरवण्याचा नियम हे सारे त्या खास बोलीत लिहून डेटाबेसच्या आत ठेवले, की प्रणाली बदलणे म्हणजे ते सर्व नव्याने लिहिणे होय. अर्थशास्त्रात याला बदलखर्च म्हणतात, आणि तो जितका अधिक तितकी पुढील वाटाघाटीत ग्राहकाची बाजू दुबळी. फॉक्सप्रोच्या वेळी हे अनेक कार्यालयांनी अनुभवले. त्या प्रणालीची अखेरची आवृत्ती २००४ मध्ये आली, साहाय्य जानेवारी २०१५ मध्ये संपले, आणि त्यात लिहिलेले वेतनपत्रकाचे कार्यक्रम मागे उरले.

आधार : आकाराविषयीचा गैरसमज

‘आमचे काम मोठे, म्हणून आम्हाला मोठ्या कंपनीची प्रणाली हवी’ हा युक्तिवाद आधारच्या उदाहरणापुढे टिकत नाही. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. एप्रिल २०१६ मध्ये ही संख्या १०० कोटींवर गेली. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची डेटा केंद्रे बेंगळुरू आणि दिल्लीलगतच्या मानेसर येथे आहेत. या व्यवस्थेच्या प्रारंभीच्या रचनेत दिलेल्या क्रमांकांच्या नाव-पत्ता आदी नोंदी मायएसक्यूएलमध्ये, अनेक यंत्रांवर विभागून ठेवल्या होत्या. बायोमेट्रिक साच्यांसाठी एचबेस ही वेगळ्या जातीची मुक्त स्रोत प्रणाली वापरण्यात आली. बोटांचे ठसे आणि बुबुळे पडताळून दुबार नोंदी शोधण्याचे काम मात्र तीन व्यापारी प्रणालींकडे सोपवण्यात आले, जेणेकरून एकाच पुरवठादारावर अवलंबून राहावे लागू नये.

दुसऱ्या टोकाला, नोंदणी केंद्रावरील लॅपटॉप जोडणीशिवायही काम करू शकत होता. माहिती तेथेच कूटबद्ध होऊन साठत असे आणि जोडणी मिळाल्यावर पुढे जात असे. टेंभलीसारख्या गावात हेच उपयोगाचे होते. मोठी प्रणाली की हलकी, या प्रश्नाला अनेकदा ‘प्रत्येक आपल्या जागी’ असे उत्तर असते. कडेला हलका साठा, मध्यभागी भक्कम डेटाबेस, आणि दोहोंमधील देवाणघेवाणीची पक्की शिस्त.

धोरण आणि प्रत्यक्ष व्यवहार

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. निविदांमध्ये मुक्त स्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावे आणि तो वगळायचा असल्यास पुरवठादाराने कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. क्षमता, धोरणात्मक नियंत्रण, विस्तारक्षमता, सुरक्षितता, संपूर्ण आयुष्यातील खर्च आणि साहाय्य या निकषांवर तुलना करून निर्णय घ्यायचा आहे. निकष योग्य आहेत. मात्र कारण देणे ही केवळ पूर्तता होऊन बसण्याचा धोका राहतो, कारण ते कारण तपासू शकणारा तंत्रज्ञ विभागात असतोच असे नाही.

या निकषांत भाषेचा स्वतंत्र उल्लेख नाही, पण मराठी नोंदी ठेवणाऱ्यांनी तो स्वतःच जोडावा. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. ‘क्ष’ला स्वतंत्र अक्षर न मानता प्रणाली तो ‘क’च्या घरात बसवते. केवळ संकेतांकांवरून क्रम लावणाऱ्या डेटाबेसमध्ये मतदारयादी किंवा ग्रंथसूची अशा रीतीने चुकीच्या क्रमाने छापली जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये भाषानिहाय क्रमवारीचे नियम वापरता येतात. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी वेगळी जोड बसवावी लागते. अन्य कोणत्याही प्रणालीविषयी विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा करारापूर्वी हजारभर खऱ्या नोंदी देऊन चाचणी मागावी : त्या मराठी क्रमाने लागतात का, त्यांची काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभी राहते का, आणि त्याच नोंदी पूर्णपणे दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत नेता येतात का. या चाचणीला एखादा आठवडा लागतो, आणि तिचा खर्च परवान्याच्या किमतीपुढे नगण्य असतो.