सांडणें, उतणें आणि ओसंडणें

इंग्रजी भाषेंत ‘स्पिल ओव्हर’ असें एक जोड-क्रियापद आहे. ‘स्पिल’ म्हणजे सांडणें आणि ‘ओव्हर’ म्हणजे कांठावरून पलीकडे. नुसतें सांडण्यास हाताचा धक्काहि पुरतो. ‘स्पिल ओव्हर’ होण्यास मात्र भांडें आधीं कांठोकांठ भरावें लागतें.

त्याच्याच भावकींतलीं आणखी दोन क्रियापदें आहेत. दूध तापून ‘बॉइल ओव्हर’ होतें, तेव्हां मराठींत तें उतू जातें. आनंदानें मन ‘ब्रिम ओव्हर’ होतें, तेव्हां मराठींत तो आनंद ओसंडतो. उतण्यास आंच लागते, ओसंडण्यास भरती. म्हणूनच व्रतकथांत संपत्तीनें चढलेला मनुष्य उततो-माततो. तो ओसंडला असें कोणी म्हणत नाहीं.

लाक्षणिक अर्थीं अधिक सावध राहावें लागतें. एका गांवचा तंटा दुसऱ्या गांवांत गेला, तर इंग्रज ‘स्पिल ओव्हर’ म्हणून पुढें ‘इन्टू’ जोडतो व ठिकाण सांगतो. मराठींत तंटा सांडत नाहीं. त्याचें लोण पोहोंचतें.

धरणाच्या बाबतींत मात्र दोन्ही भाषांची जोडी नेमकी जमली आहे. ‘स्पिल’पासून ‘स्पिलवे’ झाला, तसा सांडण्यापासून ‘सांडवा’ झाला. जादा पाणी सुरक्षितपणें जावें म्हणून मुद्दाम ठेवलेली ती वाट होय. शाहू महाराजांनीं काम सुरू केलेल्या राधानगरी धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीस चढलें कीं ते आपोआप उघडतात, व तें पाणी भोगावतीवाटे पंचगंगेस मिळतें.

अशा वेळीं ‘धरण ओव्हरफ्लो झालें’ अशी बातमी पसरते, आणि ऐकणारास वाटतें कीं पाणी भिंतीवरून कोसळत आहे. सांडव्यावाटे पाणी जाणें ही धरणाची नित्याची योजना. भिंतीच्या माथ्यावरून जाणें हें संकट, व मातीच्या धरणास तर तें घातकच. एकाच शब्दानें दोन्ही सांगितलीं, तर लोक निष्कारण घाबरतात, किंवा खऱ्या धोक्याच्या वेळीं निर्धास्त राहतात.

कोल्हापुरांत हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा-पातळी ३९ फूट व धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ सालीं नदीनें ती ओलांडली व अनेकांस घरें सोडावीं लागलीं. नदीसाठीं येथील लोकांचा शब्द आधींच स्पष्ट आहे: ती ‘पात्राबाहेर पडली’. धरणाविषयीं बोलतांनाहि ‘सांडवा वाहूं लागला’ किंवा ‘दरवाजे उघडले’ असें नेमकें म्हटलें, तर ऐकणारास काय करावें हें तत्काळ कळेल.