न पाहता घेतलेला कपडा

रमजानचा दुसरा अशरा सुरू होता. असरच्या नमाजनंतर माझी धाकटी बहीण आमच्याकडे आली. हातात फाडलेले प्लॅस्टिकचे पाकीट होते. "आपा, हे बघ," एवढेच म्हणाली आणि खाटेवर बसली.

तिने बारा वर्षांच्या मुलीसाठी ईदचा शरारा मागवला होता. मोबाईलवर जाहिरात आली होती. फोटोत गडद हिरव्या जॉर्जेटवर जरीचे भरतकाम होते. किंमत १,२९९ रुपये, आणि पैसे आधी भरले तर शंभर रुपये सूट. पाकिटातून निघाले ते पातळ, चुरगळलेले कापड. त्यावर पिवळ्या रंगात नक्षी छापली होती. भरतकामाचा एक टाकाही नव्हता. साइटवर दिलेला फोन लागत नव्हता. पत्ता शोधला तर अर्धवट होता.

बहीण घरी साड्यांना फॉल-पिको करते. एका साडीमागे तिच्या हाती ऐंशी रुपये पडतात. म्हणजे पंधरा साड्यांची मजुरी त्या पाकिटात गेली. भाची शहाणी निघाली. "अम्मी, मी गेल्या वर्षीचाच घालीन," असे म्हणून मोकळी झाली. पण बहिणीच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. शव्वालमध्ये थोरल्या मुलीचा निकाह होता. शहरातल्या दुकानात मनासारखा गरारा बावीस हजारांच्या खाली मिळत नव्हता. मोबाईलवरून काही मागवायचे तर आता तिच्या हाताला कापरे भरत होते.

वाचक भगिनी-बंधूंनो, हा अनुभव थोड्याफार फरकाने अनेक घरांत आला असेल. म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही दोघी जे शिकलो ते इथे मांडते आहे.

डोळ्यांनी पाहिले, बोटांनी नाही

आमच्या लहानपणी अब्बा कापडाच्या दुकानात न्यायचे. दुकानदार तागा उलगडायचा. अब्बा कापड चिमटीत धरून चोळायचे, उजेडासमोर धरायचे, काठाचा एखादा धागा काढून काडीने पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी उरते. मालेगाव-भिवंडीत ज्यांच्या घरात पॉवरलूम आहे, त्यांना तर एवढेही करावे लागत नाही. बोट लावले की त्यांना समजते.

मोबाईलच्या पडद्यावर ही बोटे निरुपयोगी ठरतात. आपण न पाहिलेली वस्तू विकत घेत असतो. ही अडचण मात्र नवी नाही. हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रुयत' या नावाने तिचा विचार शेकडो वर्षांपूर्वी झाला आहे. 'हिदाया'सारख्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. न पाहता घेतलेली वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर पसंत पडली नाही, तर सौदा मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे, असे त्याचे सार. वस्तूत दोष निघाला तर परत करण्याचा अधिकार वेगळा. त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. शाफई मतात न पाहिलेल्या वस्तूच्या सौद्याबद्दल आणखी सावधगिरी सांगितली आहे.

म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न किमतीचा नको. "पाहिल्यावर परत करता येईल का, किती दिवसांत, आणि पैसे परत मिळतील की फक्त बदली मिळेल?" हा प्रश्न पहिला.

फोटोखालचे वाचा

मोठ्या बाजार-अ‍ॅपवरही माल बहुधा अ‍ॅपचा नसतो, निरनिराळ्या विक्रेत्यांचा असतो. त्यामुळे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि त्याला मिळालेले गुण पाहावेत. जाहिरातीवर बोट ठेवताच उघडणाऱ्या अनोळखी साइटवर आगाऊ पैसे कधीच भरू नयेत. बहिणीची चूक झाली ती इथेच.

मग कापडाची माहिती वाचावी. जॉर्जेट हे विणीचे नाव आहे, धाग्याचे नाही. ते रेशमाचेही असते आणि पॉलिएस्टरचेही. 'आर्ट सिल्क' म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम. खऱ्या रेशमासाठी 'सिल्क मार्क'चे लेबल असते. 'सेमी-स्टिच्ड' लिहिले असेल तर पुढे शिंप्याची मजुरी आहेच, ती किमतीत धरावी. अबायाचे ५२, ५४, ५६ हे आकडे इंचांतील लांबी सांगतात, छातीचे माप नव्हे. हलक्या रंगाच्या कपड्याला अस्तर आहे का, हेही पाहावे. फोटोत जाड दिसणारे कापड उन्हात आरपार दिसते, आणि मग त्याखाली आणखी काही घालावे लागते.

मापासाठी सोपी युक्ती अशी: अंगाला नीट बसणारा आपलाच एक कुर्ता जमिनीवर पसरावा, टेपने छाती, खांदा, बाही, लांबी मोजावी आणि मापांच्या तक्त्याशी ताडून पाहावी. तक्त्यातले माप अंगाचे आहे की कपड्याचे, हेही तिथे लिहिलेले असते. 'एम' आणि 'एल' या अक्षरांवर विसंबू नये, कारण प्रत्येकाचा 'एल' वेगळा असतो.

ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहावेत आणि कमी गुण देणाऱ्यांची तक्रार आधी वाचावी. "फक्त दोनच शिल्लक," "दहा मिनिटांत सूट संपणार," असे घड्याळ धावत असेल तर मोबाईल बाजूला ठेवून चहा करावा. खोटी घाई लावणे, न विचारता टोपलीत वस्तू घालणे, किंमत शेवटी वाढवणे अशा १३ युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली आहे.

पार्सल आले की फोडण्यापूर्वीपासून व्हिडिओ काढावा. पाकिटावरचा पत्ता त्यात दिसू द्यावा. कपडा ठेवायचा हे पक्के होईपर्यंत टॅग तोडू नये.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आपल्या बाजूने आहेत. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा; मराठीत बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

साइटच खोटी असेल तर तो सायबर गुन्हा आहे. त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे वेळेला फार किंमत आहे. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी कळवले तर ते अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही पाच दिवसांनी फोन केला. बाराशे रुपये परत आले नाहीत.

'उतरन' या शब्दाची भीती

गराऱ्याचा प्रश्न तसाच होता. मी सुचवले, "एकदा नेसलेला, चांगल्या स्थितीतला घेऊ." अम्मी लगेच म्हणाल्या, "माझी नात निकाहला उतरन घालणार नाही."

या शब्दात किती अपमान साठला आहे, हे उर्दू वाचणाऱ्यांना सांगायला नको. आपल्या अमरावतीत जन्मलेल्या वाजिदा तबस्सुम यांची 'उतरन' ही कथा प्रसिद्ध आहे. हवेलीतल्या मुलीचे उतरलेले कपडे घालून वाढलेल्या दाईच्या मुलीची ती गोष्ट. अम्मींचा राग त्या मुलीच्या बाजूचा होता, म्हणून मी वाद घातला नाही.

पण एक फरक मला दिसतो. उतरन दिली जाते. घेणाऱ्याला निवड नसते आणि वर उपकाराचे ओझे असते. आपण भाव करून, पारखून, हलाल कमाईचे पैसे मोजून घेतो तो सौदा आहे. घरातले जुने कपडे बोहारणीला देऊन आपण भांडी घेतच आलो. ते कपडे पुढे कुणीतरी घालतच होते.

आम्ही तीन आठवडे शोधत होतो. शेवटी दुसऱ्या शहरातला एक गरारा साडेसहा हजारांना ठरला. वलीम्याला चार तास घातलेला. फोनवर आम्ही नेमके विचारले: काखेत घामाचा डाग आहे का? जर काळी पडली आहे का? किनार जमिनीवर घासून विरली आहे का? शिवणीत माया किती इंच ठेवली आहे? उजेडात, उलट्या बाजूचा व्हिडिओ मागितला.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखादी व्यक्ती स्वतःचा एखादा जुना कपडा विकते तेव्हा वर सांगितलेले ई-कॉमर्सचे नियम तिला लागू होत नाहीत. तिथे परतीचा आधार नसतो. म्हणून कपडा समोर पाहूनच पैसे द्यावेत. आमचे एक नातेवाईक त्या शहरात राहतात. त्यांच्या पत्नीने जाऊन पाहिला, मगच रक्कम दिली. आपण स्वतः विकत असाल तर हे पाठ करावे: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा," असे म्हणणारा तुमचेच खाते रिकामे करायला बसलेला असतो.

दुसरी बाजू आपली

फसवणूक फक्त दुकानदार करतो असे नाही. ईदनंतर शाळेत एक मुलगी मैत्रिणींना सांगत होती, "टॅग आत खोचून घातला, दुसऱ्या दिवशी परत केला." सगळ्या हसल्या. मी त्या तासाला धडा बाजूला ठेवला. परतीचा अधिकार पाहण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही. घामाचा वास लागलेला तो कपडा कुणा छोट्या विक्रेत्याच्या माथी पडतो. तिच्याही घरात माझ्या बहिणीसारखी शिलाई मशीन असू शकते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. जुना कपडा विकताना फोटो काढण्यापूर्वी हा ढीग आठवावा. डाग आहे ती बाजू वर ठेवावी.

गरारा घरी आला. ड्रायक्लीन करून आणलेला होता. अम्मींनी चष्मा लावला, कपडा उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माया दीड इंच आहे. छातीत सैल करता येईल." बहिणीने त्याच रात्री मशीनवर तो नातीच्या मापाचा केला. वाचलेल्या पैशांतून मुलीला शिलाईची नवी मशीन दिली.

निकाहनंतर महिन्याभराने भाचीने तोच गरारा विकायला काढला. मजकूर तिने स्वतः लिहिला आणि पाठवण्यापूर्वी मला दाखवला. पहिलीच ओळ होती: "डाव्या बाहीचे चार मणी निघाले आहेत, फोटो जोडला आहे." किंमत खाली लिहिली होती.