एकाच फाट्यावर पुन्हा पुन्हा अपघात का होतात?

धुळे-सोलापूर महामार्ग बीड जिल्ह्यातून जातो. वाटेत मांजरसुंब्याचा घाट, जागोजागी गावांचे फाटे, आणि ऊसतोडीच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा. अपघात झाला की आपण चालकाला किंवा नशिबाला दोष देतो. पण त्याच जागी वारंवार माणसे जखमी होत असतील, तर उपचार रस्त्यालाही हवा.

ब्लॅक स्पॉट म्हणजे काय?
राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, अथवा एकूण 10 मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट मानली जाते.

जबाबदारी कोणाची?
नोंद पोलिसांकडे, रस्ता बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे, वाहन तपासणी आरटीओकडे आणि जखमी आमच्याकडे. प्रत्येकाला चित्राचा एकच तुकडा दिसतो. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते.

एकत्र कामाचा फरक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसला. 2016 मध्ये तिथे 151 मृत्यू झाले होते. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, नियमभंगावर कारवाई वाढवली, तातडीच्या उपचारांकडे लक्ष दिले. पुढील काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

तुम्ही काय करावे?
- 108 वर लगेच फोन करा. किलोमीटरचा दगड, फाटा किंवा जवळचे हॉटेल सांगा.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मानेला झटका देऊ नका. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नका.
- मदत करायला घाबरू नका. 2019 च्या कायदादुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती नाही.
- 2025 च्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच विचारा.
- पोलिसांना आणि डॉक्टरांना नेमकी जागा सांगा. नुसते ‘बीडजवळ’ लिहिले गेले, तर तो फाटा कोणाच्याच यादीत येत नाही.

रुग्ण सावरला की ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तुमच्या घरच्या अपघाताची नीट नोंद झाली, तर पुढच्या घरावरचा प्रसंग टळू शकतो.