‘सामान्य’ या संज्ञेचे दोन अर्थ : बेसबॉल-कार्डांच्या संग्रहातील एक उदाहरण

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची जुनी चित्रकार्डे जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यांच्या परिभाषेत नामांकित नसलेल्या खेळाडूच्या कार्डास ‘कॉमन’ म्हणतात. येथे विशेषणाचे नाम झाले आहे. परंतु या शब्दाचे महत्त्व तेवढ्यावर संपत नाही. ‘विपुल’ आणि ‘वैशिष्ट्यहीन’ असे दोन अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठीतील ‘सामान्य’ हा शब्दही या संदिग्धतेपासून सर्वस्वी मुक्त नाही. हे दोन अर्थ वस्तुतः किती भिन्न आहेत, हे एका संचावरून स्पष्ट होते.

टॉप्स कंपनीने १९५२ साली च्युइंगमबरोबर ४०७ कार्डांचा संच सहा मालिकांत विक्रीस काढला. क्रमांक ३११ ते ४०७ ही ९७ कार्डांची शेवटची मालिका हंगाम सरत आला असता बाजारात आली व तिचा खप बेताचाच झाला. पडून राहिलेला साठा १९६० च्या सुमारास अटलांटिक महासागरात बुडविण्यात आला, असे कंपनीचे अधिकारी साय बर्गर यांनी सांगून ठेविले आहे. मात्र या मालिकेतील मिकी मँटल, जॅकी रॉबिन्सन व बॉबी थॉमसन या तिघांची कार्डे छपाईच्या तावावर दोनदा घेतलेली होती. अर्थात् त्याच मालिकेतील अप्रसिद्ध खेळाडूंची कार्डे मँटलच्या कार्डाहून कमी छापली गेली. तरीही ‘कॉमन’ ही संज्ञा त्यांनाच लागते. आणि मँटलच्या एका उत्तम प्रतीस २०२२ साली १ कोटी २६ लक्ष डॉलर मिळाले. ‘कॉमन’ ही संज्ञा नगांची संख्या सांगत नसून खेळाडूची प्रतिष्ठा सांगते, हे येथे उघड होते.

याच संचातील क्रमांक १ चे, अँडी पाफ्को या खेळाडूचे कार्ड निराळ्या कारणाने महाग झाले. मुले कार्डे क्रमाने लावून रबरी पट्ट्याने बांधीत. झीज सर्वप्रथम वरच्या कार्डाची होई. येथे मोल आले ते केवळ गठ्ठ्यातील स्थानामुळे.

भाषेतील चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. संपूर्ण संच जुळवू पाहणाऱ्या संग्राहकास त्याचा प्रत्यय येतो. चारशे सात जागांपैकी एक रिकामी राहिली तर संच अपुरा राहतो. ती जागा कीर्तिमान खेळाडूची की विस्मृत खेळाडूची, याने फरक पडत नाही.

जेफरसन बर्डिक यांनी १९३९ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या कार्डसूचीत वर्गीकरणाचा आधार कार्डाचा प्रकार व काळ हा ठेविला, खेळाडूची कीर्ती नव्हे. तीन लाखांहून अधिक नगांचा त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. केवळ नामवंतांचीच कार्डे राखली असती, तर त्या काळी काय छापले गेले याचा पुरावा उरला नसता. केवळ दुर्मिळ शब्दांच्या कोशावरून जसे भाषेचे व्याकरण सिद्ध होत नाही, तसेच हे होय.