घोणस अळी : भय आणि ज्ञान

सन २०२२ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत एका लहानशा अळीने मोठी घबराट निर्माण केली. बांधावर गवत कापताना किंवा उसात काम करताना तिचा स्पर्श झालेल्या शेतकऱ्यांना तीव्र वेदना होऊन दवाखाना गाठावा लागला. ही अळी चावली की माणूस दगावतो, असे संदेश मोबाइलवरून फिरू लागले. आपल्या अनेक विद्यार्थ्यांची कुटुंबे शेती व शेतमजुरीवर उदरनिर्वाह करतात. म्हणून या जीवाची यथार्थ ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

नाव घोणस असले, तरी सापाशी तिचे कसलेही नाते नाही. ती एका पतंगाची बाल्यावस्था होय. लिमाकोडिडी या तिच्या कुळातील अळ्या उष्ण प्रदेशांत विशेष आढळतात. इतर सुरवंटांच्या पोटाखाली मांसल पाय दिसतात; हिच्या पोटाचा भाग मात्र मऊ व चिकट असल्याने ती गोगलगाईप्रमाणे सरकत जाते. तिचे डोके शरीराच्या पुढील भागाखाली दडलेले असते. एरंड, आंबा, गवत अशा अनेक वनस्पतींची पाने ती खाते.

इतक्या मंदगती जीवाला शत्रूपासून पळता येत नाही. तिचे संरक्षण दुहेरी आहे. अंगावरील ठळक रंग व पट्टे दुरूनच धोक्याचा इशारा देतात. एकदा अनुभव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा तिच्या वाटेस जात नाही. तरीही कोणी स्पर्श केलाच, तर अंगावरचे पोकळ काटे त्वचेत रुततात आणि त्यांतील विषारी द्रव आत शिरतो. म्हणजेच ती चावत नाही, कोणावर चालूनही येत नाही. तिचे विष केवळ आत्मरक्षणासाठी आहे.

दाह, सूज व खाज ही त्याची सामान्य लक्षणे असून बहुधा ती काही काळाने ओसरतात. रुतलेले काटे चिकटपट्टी हलकेच लावून उचलून काढावेत, जागा चोळू नये, साबण-पाण्याने धुऊन बर्फाने शेकावी. अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे दिसताच मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात शेतात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे वापरल्यास हा प्रसंग बहुतांशी टळतो.

कालामसुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव गोष्टींवर विश्वास न ठेवता स्वतः पारखून पाहण्याचा उपदेश केला आहे. घोणस अळीच्या प्रकरणी अफवेने माणसाला शेतात जाण्याची धास्ती घातली. ज्ञानाने त्याच्या हाती हातमोजे आणि चिकटपट्टी दिली. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या गावी परतताना हे ज्ञान सोबत न्यावे, एवढीच अपेक्षा.