कार्यक्रम कमी, विचारपूस जास्त

शिकागोजवळच्या साउथ बॅरिंग्टनमधली विलो क्रीक ही ख्रिस्ती मंडळी १९७५ साली भाड्याच्या एका सिनेमागृहात सुरू झाली आणि तीस वर्षांत अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांमध्ये गणली जाऊ लागली. दर आठवड्याच्या उपासनेला वीस हजारांच्या आसपास माणसे येत. सभासदाच्या प्रत्येक गरजेसाठी काही ना काही उपक्रम असे, आणि माणूस जितका उपक्रमांत गुंतेल तितका त्याचा विश्वास वाढेल, असे गृहीत धरलेले होते. २००४ साली मंडळीने आपल्याच सभासदांची पाहणी केली. पुढे इतर मंडळ्याही तीत सामील झाल्या आणि २००७ साली ‘रिव्हील’ या नावाने निष्कर्ष पुस्तकरूपात आले. उपक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम वाढल्याचे काही दिसले नाही. चौथा हिस्सा लोकांनी आपली वाढ खुंटल्याचे किंवा मंडळीकडून आपले समाधान होत नसल्याचे कळवले, आणि या असमाधानी लोकांत श्रद्धेने सर्वांत पुढे गेलेलेही होते. ज्या गोष्टीचा वाढीशी सर्वांत पक्का संबंध दिसला ती साधी निघाली: माणसाने स्वतः बायबल वाचून त्यावर मनन करणे. तिच्यासाठी ना सभागृह लागते, ना ध्वनियंत्रणा.

या पाहणीवर आक्षेप आले आणि ते वाजवी होते. स्वतःच्या श्रद्धेला स्वतःच गुण द्यायचे, तर ती मोजणी कितपत धरायची? शिवाय एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. वाचनाने श्रद्धा वाढली असेल, तसेच श्रद्धा वाढल्यामुळे वाचन सुरू झाले असेल. ‘रिव्हील’च्या आदल्याच वर्षी टॉम रेनर आणि एरिक गायगर यांच्या ‘सिंपल चर्च’ या पुस्तकाने सुमारे चारशे मंडळ्यांच्या तुलनेवरून म्हटले होते की, एकच स्पष्ट वाट आखून बाकीचे उपक्रम बंद करणाऱ्या मंडळ्या अधिक जोमदार असतात. तिथेही तीच अडचण आहे, कारण जोमदार मंडळीलाच नको ते बंद करण्याचे धैर्य होत असेल. म्हणून एवढ्या पुराव्यावर निकाल देऊ नये. पण एक जुना आणि बराच लांबलचक दाखला उपलब्ध आहे, आणि तो चर्चेत फार कमी येतो.

१७३९ साली मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये उघड्या माळावर प्रवचने करू लागला. कोळशाच्या खाणीतले मजूर हजारोंनी जमत. त्याच वर्षी ‘न्यू रूम’ नावाचे सभागृह उभे राहिले आणि सोबत कर्जही. १७४२च्या फेब्रुवारीत ते फेडायचे कसे यावर बैठक भरली, तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. ज्यांना ती परवडत नाही त्यांचे काय, असे विचारल्यावर त्याने अकरा गरीब लोक आपल्याकडे मागून घेतले. त्यांच्याकडून वसूल करीन, कमी पडेल ते स्वतः भरीन, असा त्याचा प्रस्ताव होता. वर्गणी गोळा करणारे दारोदार जाऊ लागले आणि पेनीबरोबर घरची हकिगतही कळू लागली: कोणी पुन्हा दारूला लागला, कोणाच्या घरी भांडण पेटले, कोण आजारी आहे. यात काय हाती लागले ते वेस्लीने ताबडतोब ओळखले. घरोघर फिरण्याऐवजी बारा-एक जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमावे आणि प्रत्येकाने आपली आठवड्याची वाटचाल सांगावी, अशी रीत ठरली. हाच ‘क्लास’. त्याचा पुढारी पाळक नसे. तो चांभार, विणकर असे, पुष्कळदा बाईही असे. वेस्लीच्या १७४३च्या नियमांचा गाभा तीन कलमांचा होता: वाईट करू नये, चांगले करावे, उपासना-प्रार्थना-प्रभुभोजन यांसारखी साधने सोडू नयेत. वेस्ली १७९१ साली वारला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून सुमारे ७२ हजार मेथडिस्ट सभासद होते आणि त्यातला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या क्लासमध्ये असणे अपेक्षित होते.

नुसत्या प्रवचनाने भागते का, याचेही उत्तर त्याने नोंदवून ठेवले आहे. १७६३ साली वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरला गेल्यावर त्याला आढळले की, वीस वर्षे तिथे भरपूर प्रवचने झाली. पण गट बांधले गेले नाहीत, शिस्त लागली नाही, आणि एकदा जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण पूर्वीपेक्षा गाढ झोपले होते. वेस्ली पक्षकार होता, हे खरे. पण प्रवचन हेच ज्याचे मुख्य बळ, त्यानेच प्रवचन अपुरे असल्याची कबुली दिली, म्हणून ही साक्ष वजनदार वाटते.

सोपे करणे म्हणजे पातळ करणे, ही शंका इथे टिकत नाही. क्लासची रचना सोपी होती. मागणी मात्र कठोर. शिबिराला हजेरी लावणे त्यापेक्षा किती सोपे! खरी भीती उलट बाजूची आहे. दर आठवड्याला विचारपूस म्हणजे दर आठवड्याला पाळत, असे व्हायला वेळ लागत नाही. १७४३ साली न्यूकॅसलच्या गटातून ६४ जणांना काढले गेले; त्यांत १७ दारुडे होते, बायकोला मारणारा एक होता, आणि तब्बल २९ जणांचा गुन्हा थिल्लरपणा व बेफिकिरी एवढाच. दारूबाज नवऱ्याला जाब विचारणारे कोणी असणे त्या घराला हवेच असेल. थिल्लरपणा कोण ठरवणार, हा प्रश्न मात्र उरतो. आपल्याकडे मंडळी म्हणजे निम्मे गणगोतच असते, तिथे गटात बोललेले संध्याकाळपर्यंत वस्तीभर होण्याचा धोका जास्तच. त्यामुळे असे गट इथे बांधायचे तर पुढारी ठराविक मुदतीने बदलणे आणि त्यालाही दुसऱ्या गटात उत्तर द्यावे लागणे ही अट मी अनिवार्य मानतो. विलो क्रीकचे संस्थापक बिल हायबल्स यांच्यावर स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केल्यानंतर २०१८ साली ते पायउतार झाले. सभासदांची एवढी बारीक पाहणी करणाऱ्या मंडळीत वरच्या माणसाला विचारणारी व्यवस्था मात्र तोकडी पडली.

महाराष्ट्रात हा विचार वेगळ्या अंगाने आधीच झाला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावणार होते. मिशनचे पगार, समित्या, इमारती हे सारे बाजूला ठेवून श्रद्धा माणसाच्या तोंडी आणि घरात कशी रुजेल, हा त्यांचा ध्यास होता. माळ, एकादशी, हरिपाठ आणि वारी एवढ्यावर शतके चाललेला संप्रदाय त्यांच्या डोळ्यांसमोर होता. १९१९ साली टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. तो बराचसा त्यांच्या एकट्याच्या तेजावर उभा होता, त्याला कॅप्टन फॉयसारखी सामान्य माणसे मिळायला अवधीच लाभला नाही, असे मला वाटते. त्यांची पदे आणि अभंग मात्र मराठी मंडळ्यांत आजही गाइले जातात, कारण ते गायला कोणाची परवानगी लागत नाही.

उपक्रम कमी केले तर दवाखाने, वसतिगृहे, गरिबांची मदत यांचे काय, असे विचारले जाईल. ती कामे सभासदाच्या वाढीसाठी नसून शेजाऱ्यासाठी असतात. त्यांना हात लावायचे कारण नाही. कात्री लावायची ती शब्बाथ शाळेचे बक्षीस समारंभ, वर्धापनदिन, तरुण संघ, स्त्री मंडळ आणि पुरुष मंडळ यांच्या एकाच विषयावरच्या वेगवेगळ्या सभा यांना. तिथे विरोध ठरलेला आहे, कारण प्रत्येक सभेला एक अध्यक्ष आणि एक खजिनदार असतो. पाळकांचीही अडचण खरी आहे. वार्षिक अहवालात किती सभा झाल्या ते लिहिता येते, धर्मप्रांताच्या कार्यालयात तेच तपासले जाते. वर्षभरात बारा माणसांनी एकमेकांना काय विचारले, याला अहवालात रकाना नसतो, आणि गटातले गटातच राहायचे असेल तर तो असूही नये.